सामानातला काना

तीर्थरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या लाल पेनाला जरा दुरूनच. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (माझा उजवा अंगठा सोडून, त्याची हकीकत पुढे येईल). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुर करतो, की तू दटावल्यावर गप्प बसला? चाळीस वर्षं तू मराठी शिकवलंस, तुझ्या वर्गात हूं की चूं करायची कुणाची टाप नव्हती, आणि आता एका गुडघ्याने इतकं डोक्यावर बसावं हे काही बरं नाही. नवा चष्मा आला का? आला नसेल तर माझी अजिबात हरकत नाही. मागच्या पत्राला दहापैकी सहा गुण देऊन तू ते परत पाठवलंस, ते तुझ्या भाचेसुनेने फ्रिजवर चिकटवलं आहे आणि आल्यागेल्याला दाखवते. चार गुण गेले ते सगळे वेलांटीत आणि उकारात. "काना एकही चुकलेला नाही, शाब्बास" असं तू समासात लिहिलं आहेस. आत्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाला तेवढ्या एका शाब्बासकीवर आठ दिवस काढता येतात हे मला नव्याने कळलं. पण त्या वाक्याचीच आता पंचाईत झाली आहे.

तू फोनवर विचारलं होतंस की हल्ली मी नक्की काय बांधतो आहे. मी "मिश्र वापराची इमारत" म्हणालो, त्यावर तू "म्हणजे धड काहीच नाही" असं म्हणून फोन ठेवलास. तर आता नीट सांगतो. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पूर्वी बसगाड्या दुरुस्त करायचं एक आवार होतं. तिथे आता सहा मजली इमारत व्हायची आहे. रस्त्याच्या बाजूला दुकानं: एक औषधांचं, एक चपला दुरुस्तीचं, एक वाचनालय. वरच्या मजल्यांवर राहती घरं. आणि तळमजल्यावर, दुकानांच्या मागे, निवारा. म्हणजे ज्यांना घर नाही अशा चाळीस जणांसाठी खाटा, न्हाणीघरं, कपडे धुवायची जागा, डॉक्टरची खोली, आणि हरवलेली कागदपत्रं पुन्हा काढून देणाऱ्या, काम शोधायला मदत करणाऱ्या ताईंचं टेबल. वर्षभर राहायचं, जरा बस्तान बसवायचं, आणि जमलं की त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका खोलीच्या भाड्याच्या घरात जायचं. अशा आठ खोल्या राखून ठेवल्या आहेत. कल्पना माझी नाही, ज्या संस्थेने काम दिलं तिची आहे, पण मी गेले सात महिने अंघोळ करतानासुद्धा तिचेच नकाशे काढतो आहे (फरशीवर, बोटाने, ही म्हणते की त्यामुळे पाणी फार जातं).

या कामात एक गंमत अशी की ज्यांच्यासाठी बांधायचं ते लोक मला रोज जागेवरच भेटतात, कारण ते तिथेच राहतात. आवाराच्या भिंतीला लागून, फाटकाजवळच्या पत्र्याखाली. त्यांतले सगळ्यांत जुने म्हणजे सुतारकाका. वय अडुसष्ट, अकरा वर्षं त्याच पत्र्याखाली मुक्काम, आणि उशाला हत्यारांची लाकडी पेटी. मी पहिल्यांदा नकाशा घेऊन गेलो तेव्हा फार ऐटीत होतो. प्रत्येक खाटेशेजारी सामानासाठी कुलपाचा कप्पा दाखवला होता, चांगला दीड फुटी. काकांनी पेटीतून करवत काढली आणि नकाशावर ठेवली. करवत दोन फूट चार इंच. मग शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी आपलं मशीन दाखवलं. ते कप्प्यात राहू दे, माझ्या कागदावरसुद्धा मावलं नसतं. आत्या, पंचवीस वर्षं मी लोकांना कपाटं काढून देतो आहे आणि एकालाही आधी "तुमच्याकडे काय आहे?" असं विचारलेलं नाही. मी तिथल्या तिथे कप्पे खोडले आणि मातीत मांडी घालून बसलो. त्यानंतर रोज सकाळी काका नकाशा तपासायचे. तुझ्यापेक्षा कडक. तू निदान सहा तरी गुण देतेस.

आणि एके दिवशी त्यांनी विचारलं, "खाटा झाल्या, कप्पे झाले. दार कुठे आहे ते सांग." मी दार दाखवलं, मोठ्या रस्त्यावर, दुकानांच्या मधोमध. ते म्हणाले, "हे वरच्या लोकांचं. आमचं कुठलं?" मी म्हटलं, हेच. त्यांना पटेना. मग त्यांनी सांगितलं की सहा वर्षांपूर्वी एका निवाऱ्यात ते गेले होते. खाट चांगली होती, पाणी गरम होतं, पण आत जायची वाट मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांच्या मधून. एका रात्रीत परत आले. "उभा जन्म लोकांना पुढची दारं बसवून दिली," म्हणाले, "आता झोपायला मागच्या दाराने जाऊ? पुढचं दार असेल तर येतो. नसेल तर माझा पत्रा बरा. कुणाची चोरी नाही." एवढं बोलून त्यांनी पेटी बंद केली. मी घरी येऊन जेवताना हे हिला सांगितलं, तर हिने हातातला घास तसाच ठेवला.

आता संस्थेने या कामासाठी नेमलेल्या समितीचं. समितीचे अध्यक्ष कोण आहेत हे ऐकून तुला आनंद होईल. तुझाच विद्यार्थी! माझ्यापुढे दोन इयत्ता होता, मागच्या बाकावर बसायचा, आणि प्रश्न पुरता वाचायच्या आत उत्तर लिहून मोकळा व्हायचा. तू त्याला "उतावीळ" म्हणायचीस. तो आता टकलू झाला आहे, गोरगरिबांसाठी मनापासून राबतो, पण उतावीळपणा आहे तस्साच. जिथे जागा दिसेल तिथे सही करतो (एकदा माझ्या चहाच्या बिलावर केली). माणूस वाईट नाही हे मी आधीच सांगून ठेवतो. फक्त त्याला अशी धास्ती बसली आहे की निवाऱ्यातली माणसं आणि वरचे घरमालक एकाच दाराने जाणार असं कळलं, तर वरची घरं कुणी घेणारच नाही, आणि घरं गेली नाहीत तर निवाराही होणार नाही. म्हणून बैठकीत त्याने सुचवलं की मागच्या बोळात एक स्वतंत्र दार काढावं.

पण "मागचं दार" असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. तू शिकवलेला मुलगा, लाज आहे. तो थोडा घुटमळला आणि मग म्हणाला, त्या मंडळींकडे गाठोडी-पेट्या असतात, नाही का, तर आपण त्याला "सामान प्रवेशद्वार" म्हणू. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कचऱ्याच्या डब्यांमधलं दार एकदम सोयीचं वाटायला लागलं. आणि मी काय केलं असेल? तू लहानपणी मला नंदीबैल म्हणायचीस ना, तेच. डोळ्यांपुढे काका पेटी बंद करताना दिसत होते, आणि मान आपली डोलत होती. माझ्या मानेत आणि माझ्यात पहिल्यापासूनच बोलणं नाही. शिवाय ठराव लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण समितीचे कारकून रजेवर.

इथे अंगठा येतो. बैठकीहून परतताना मी सुताराकडे कप्प्याच्या दाराचा नमुना बघायला थांबलो (हा दुसरा सुतार, दुकानवाला), ते दार किती हळुवार मिटतं हे बघायला अंगठा मध्ये धरला, आणि ते हळुवार मिटलं नाही. अंगठ्याचं वांगं झालं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी मी आरामखुर्चीत अंगठा वर करून बसलो (समोरच्या गॅलरीतल्या आजोबांना वाटलं मी त्यांना शाबासकी देतो आहे, तेही अंगठा दाखवत राहिले) आणि मी सांगत गेलो तसं हिने टंकलं. आमच्या कळफलकावर मागच्या वर्षी चहा सांडला होता, तेव्हापासून कान्याची कळ मधूनमधून अडकते. तर व्हायचं ते झालं. मी सांगितलं, "निवाऱ्यातील रहिवाशांसाठी सामान प्रवेशद्वार ठेवण्यात यावे." कागदावर उमटलं, "निवाऱ्यातील रहिवाशांसाठी समान प्रवेशद्वार ठेवण्यात यावे." एक काना गेला, आत्या. एक उभी रेघ. मी तो कागद वाचला नाही, कारण अंगठा ठणकत होता. उतावीळने वाचला नाही, कारण तो उतावीळ आहे. त्याने सही केली, समितीने त्याची सही बघून सह्या केल्या, आणि ठराव एकमताने मंजूर होऊन माझ्या कचेरीत आला.

माझ्या कचेरीत नकाशे काढायला जी मदतनीस आहे तिला आम्ही पट्टी म्हणतो. वाकत नाही आणि खोटं माप सांगत नाही. तिने ठराव वाचला, समान म्हणजे समान, आणि पुढचं दार साडेतीन फुटांचं होतं ते सहा फुटांचं केलं. मी अंगठ्याच्या दुखण्याने चार दिवस घरी होतो. परत आलो तेव्हा नकाशा नगरपालिकेत जाऊन शिक्का घेऊन परत आला होता! माझे नकाशे एरवी तिथे महिनोन्‌महिने पेंगत पडतात. हा एकच सरळ चालत गेला आणि सरळ चालत आला, पुढच्या दाराने.

मी नुसता शिक्का बघून खूश झालो, नकाशा उलगडून बघितलाच नाही. मला हे सगळं कधी कळलं, तर गेल्या मंगळवारी, भर आवारात, पंचवीस माणसांसमोर. मी असं ठरवलं होतं की बांधायच्या आधी अख्खा तळमजला जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापात आखायचा आणि समितीने व राहणाऱ्यांनी मिळून त्यात फिरून बघायचं. पट्टीने पहाटेपासून पांढऱ्या रेघा मारल्या. जिथे भिंत तिथे रेघ, जिथे दार तिथे मोकळी जागा. सुरुवातीला सगळे हसत होते, पण दहा मिनिटांत काय झालं कुणास ठाऊक, मंडळी भिंती मानायला लागली. चहावाल्या बाई किटली घेऊन आल्या, तर त्या रेघेबाहेर उभ्या. हात लांब केला असता तर चहा मिळाला असता, पण त्या म्हणाल्या, "भिंतीतून कसा देऊ?" आणि वळसा घालून दारातून आल्या. उतावीळ फोनवर बोलत बोलत तीन भिंती ओलांडून थेट बायकांच्या न्हाणीघरात शिरला. शिवणवाल्या बाई कडाडल्या, "अहो, आत कुणी आहे की नाही बघायची काही रीत?" तो कानापर्यंत लाल झाला, फोन बंद केला, माफी मागितली, आणि (हे मला फार आवडलं) बाहेर पडताना न्हाणीघराच्या दारातून पडला. जाताना हवेत कडीसुद्धा लावली.

मग तो मागच्या बाजूला गेला, ते सामान प्रवेशद्वार बघायला. रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. परत आला. पुन्हा चालला. शेवटी हात पुढे करून हवा चाचपायला लागला. पट्टीने शांतपणे सांगितलं, "भिंत आहे साहेब. नऊ इंची." त्याने विचारलं दार कुठे, तिने पुढचं दाखवलं. त्याने ठरावाची आठवण करून दिली, तिने ठरावच काढून दिला. मोठ्याने वाचला. खाली त्याचीच सही, दोन ठिकाणी. मला त्या क्षणी काना दिसला, म्हणजे नसलेला दिसला, आणि वाटलं आता भूमीने पोटात घ्यावं तर तिच्यावरही पट्टीने भिंत आखून ठेवली आहे.

सुतारकाकांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे सगळ्यांना एकच?" पट्टी म्हणाली, "एकच. दोन माणसं पेट्यांसकट शेजारी शेजारी जातील एवढं." काका पत्र्याखाली गेले, पेटी उचलली, रस्त्यावर गेले, आणि मोठ्या रस्त्याकडून त्या फक्कीच्या दारातून आत आले. दाराशी थांबून पाय पुसले. तिथे पायपुसणं नव्हतं, आत्या, काहीच नव्हतं, माती होती. मग आपल्या खाटेच्या चौकोनात जाऊन पेटी कप्प्यात ठेवली, करवत मावते का ते बघितलं, आणि पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा आत आले. असं तीनदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगळ्यांना सांगितलं की फक्की गेली. उतावीळने पण रुमाल काढला आणि त्यानेही फक्कीचंच नाव सांगितलं.

पण डोळ्यांत फक्की गेली म्हणून डोक्यातली धास्ती जात नाही. थोड्या वेळाने तो मला बाजूला घेऊन म्हणाला, हा लेखनदोष आहे, पुढच्या गुरुवारच्या बैठकीत शुद्धिपत्र काढावं लागेल: "समान" ऐवजी "सामान" असे वाचावे. पट्टी मागेच उभी होती. तिने विचारलं, वाक्यात चूक नक्की कुठे आहे? तेव्हा उतावीळ छाती काढून म्हणाला की काना खाल्ला आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हवं तर मी माझ्या मराठीच्या बाईंना (म्हणजे तुला!) विचारतो, म्हणाला, बाई जे म्हणतील ते अंतिम. आणि त्याने तिथल्या तिथे तसं लिहून सहीसुद्धा केली. न वाचता.

चूक माझी आहे असं मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे. कळ अडकली वगैरे काही बोललो नाही. घरातल्या माणसाला कशाला मध्ये आणा. आणि खरं सांगू का, आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या चुकीचा अभिमान वाटतो आहे. काका रोज सकाळी वाऱ्याने उडालेल्या रेघा नव्याने आखतात. दाराच्या दोन्ही बाजू तर दोरी ताणून. गुरुवारी मी मान डोलावणार नाही असं पक्कं ठरवलं आहे, पण सवय जुनी आहे, तेव्हा मानेला पट्टा बांधून जावं का असाही विचार चालू आहे.

गुडघ्याला तेल लाव, जिना कमी चढ, आणि या पत्राला निदान सात दे.

तुझा,
नंदीबैल

ता. क. तुझ्या गुडघ्याची चौकशी करायलाच पत्र लिहिलं, बाकी काही काम नव्हतं. पण आता लिहितोच आहे तर: उतावीळचं पत्र तुला उद्या-परवा येईल. मी तुला खोटं बोलायला मुळीच सांगत नाही. तू उभ्या जन्मात कुणाला फुकटचा अर्धा गुण दिलेला नाहीस हे मला ठाऊक आहे. तो विचारेल की "निवाऱ्यातील रहिवाशांसाठी समान प्रवेशद्वार ठेवण्यात यावे" हे वाक्य शुद्ध आहे की अशुद्ध. तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर दे. कुणाला काय म्हणायचं होतं हा व्याकरणाचा प्रश्न नाही, असं तूच आम्हाला शिकवलंस. वाक्यात कर्ता, कर्म, वेलांट्या सगळं नीट आहे का, बघ. मी पुष्कळदा बघितलं. मला तरी त्यात काही कमी दिसत नाही.

दुसरा ता. क. (हे यांचं अक्षर नाही हे तुम्ही ओळखलंच असेल.) आत्याबाई, नमस्कार. पाकीट बंद करायला यांनी माझ्याकडे दिलं आहे, अंगठा अजून दुखतो म्हणून. पत्र वाचलं. कान्याची कळ अडकते हे खरं, पण त्या ठरावाची प्रत सोबत ठेवली आहे, तेवढी बघा. त्यात एकूण एकतीस काने हवेत आणि तीस जागच्या जागी आहेत. हे भिंती मोजतात, काने मोजत नाहीत. यांनी तो शब्द सांगितला तेव्हा आवाज इतका बारीक केला होता की मला दोनदा विचारावं लागलं. मला वाटलं, जो शब्द आपल्या माणसाला धड मोठ्याने म्हणवत नाही, तो मी तरी पूर्ण का लिहू? काका आमच्याकडे खिडकी दुरुस्त करायला आले होते, तेव्हा दाराशी थांबून पाय पुसताना मी त्यांना बघितलं आहे. यांना काही सांगू नका. चूक स्वतःची आहे या आनंदात हे मंगळवारपासून ताठ मानेने हिंडताहेत, आणि गुरुवारपर्यंत ती मान तशीच राहायला हवी आहे. माझी चूक वाटत असेल तर लाल शाईने तो काना घालून प्रत परत पाठवा, मी ती उतावीळभाऊजींना नेऊन देईन. नसेल वाटत, तर त्याच पेनाने समासात "शाब्बास" एवढंच लिहा. नाव घालू नका. फ्रिजवर जागा करून ठेवली आहे.